पुरे म्हणणाऱ्यांची गल्ली

संध्याकाळचे सात वाजले की माझ्या कंपाउंडच्या भिंतीला सहा गाड्या येऊन लागतात. पाच शेजाऱ्यांच्या आणि एक माझी. मग फाटकाची कडी वाजते, गाड्या मागे घेताना पीं-पीं होते, आणि प्रत्येकाचं तेच एक वाक्य, "काकू, तुम्हाला त्रास." अहो, त्रास होतो हे एकदा कळलं ना, मग रोज येऊन सांगता कशाला! पण तसं तोंडावर म्हणवत नाही. मी म्हणते, "छे छे, त्रास कसला त्यात." दोन वर्षं हेच म्हणतेय. आता मलाच माझा कंटाळा आलाय.

मी प्रमोदिनी हत्तुरे. सोलापुरात, रेवणसिद्ध नगरच्या गल्ली नंबर तीनमध्ये राहते. एकतीस वर्षं शाळेत शिवण शिकवलं, निवृत्त झाले, नवरा गेला, मुलगा हैदराबादला. वाटलं होतं, आता जरा निवांत पडावं. पण भिंतीवर हा चार्जरचा डबा आला, आणि तो आला माझ्याच भिडेपायी. वीज कंपनीचा इंजिनिअर आला नि म्हणाला, "मॅडम, गल्लीत तुमचीच भिंत सगळ्यात लांब आहे, आणि डीपीही तुमच्याच कोपऱ्यावर. चार्जर इथेच बसवू का?" माझ्या मनात होतं नाही म्हणायचं. तोंडातून निघालं, "बघा, तुम्हाला सोयीचं पडेल तसं." झालं! तिसऱ्या दिवशी भिंतीला ड्रिल लागलं.

डीपी म्हणजे गल्लीच्या तोंडाशी खांबांवर बसवलेला ट्रान्सफॉर्मर. त्याच्या पोटात तांब्याच्या तारांची वेटोळी असतात, त्यांना कागद गुंडाळलेला असतो आणि ते सगळं तेलात बुडवलेलं असतं. गल्लीनं वीज जास्त ओढली की वेटोळी तापतात. ती उष्णता तेल घेतं आणि बाहेरच्या हवेला देतं. पण बाहेरची हवाच सेहेचाळीस अंशांची असेल तर तेल बिचारं देणार कुणाला? पूर्वी निदान रात्री सगळं निवायचं. आता मे महिन्यात पहाटेलासुद्धा पारा चौतीसच्या खाली येत नाही आणि घरोघरी एसी चालू. इंजिनिअर सांगत होता, ताप सहा-सात अंशांनी वाढला की आतल्या कागदाचं आयुष्य निम्मं होतं. पेट्रोलपंप बंद झाले त्या पहिल्याच उन्हाळ्यात सगळ्यांनी रात्री आपापल्या दारात एकदम गाड्या लावल्या, आणि आमची डीपी उडाली. अकरा दिवस गल्ली उकडून निघाली. त्यानंतर नियम आला, की घरोघरी चार्जर नाही. एका गल्लीला एकच, सहा गनचा, म्हणजे गाडीत खुपसायच्या सहा नळ्यांचा, आणि तो शेजाऱ्यांनी वाटून वापरायचा.

या डब्याचं नाव वाटेकरी. तो मिनिटामिनिटाला डीपीच्या तेलाचं तापमान बघतो, आज रात्री किती वीज सोसेल ते ठरवतो आणि सहा गाड्यांत वाटून देतो. उन्हाळ्यात आमच्या गल्लीच्या वाट्याला येतात साधारण साठ युनिट, म्हणजे सगळ्या गाड्या मिळून चारशे किलोमीटर. तेवढ्यात सहा घरांनी भागवायचं. आपण फक्त संध्याकाळी फोनवर लिहायचं, उद्या किती किलोमीटर जायचंय. हायवेवरचे चार्जर उन्हाळ्यात सकाळी दहा ते संध्याकाळी सहा बंद असतात, उरलेल्या वेळात तिथे ही रांग. भाड्याच्या गाड्यांचीही तीच रड. म्हणजे उद्या कोण कुठे जाणार, हे माझ्या भिंतीवर ठरतं.

आता आमची माणसं कशी ते सांगते. आमच्याकडे जेवायला बसलेला माणूस ताटात पहिली भाकरी पडली की "पुरे, पुरे" म्हणून हात आडवा धरतो. वाढणारीला ठाऊक असतं, की अजून दोन लागणार आहेत. ती आग्रह करते, तो नको म्हणतो, ती वाढते, तो खातो. दोघांचीही अब्रू राहते. तीच सवय माणसांनी या डब्यापुढे नेली. सलगरबाई मोहोळच्या शाळेत शिकवतात, त्यांना जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर लागतात. त्या लिहायच्या साठ. मुजावरभाई अक्कलकोटपर्यंत बेकरीचा माल पोचवतात, ते लागतं त्याच्या निम्मं लिहायचे. म्हणायचे, "काकूंच्या भिंतीवरून घ्यायचं, आणि वर जास्त मागायचं? बरं दिसतं का ते?" कोपऱ्यावरचे जेऊरकर आजी-आजोबा तर वीसच्या वर आकडाच लिहीत नसत. आणि माझं घर, माझी भिंत, तरी मी लिहायचे दहा. यजमानीण ना मी!

एक नरोटेसाहेब तेवढे वेगळे. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, आवाज मोठा, गाडी मोठी. ते शंभर लागत असतील तर शंभरच लिहायचे, दहा मिनिटांनी परत लिहायचे, मग परत, मग परत. चार वेळा! आणि सकाळी त्यांची गाडी पोटभर जेवलेली असायची. "हावरा आहे हो माणूस," असं सलगरबाई माझ्या कानात म्हणायच्या. मीही मान डोलवायचे.

समोरच्या घरात व्यंकटेश चिलवेरी राहतो. चौतीस वर्षांचा, टॉवेलच्या कारखान्यात डिझाइनर. फार गुणी, फार मऊ मुलगा. त्याची बायको ऋजुता दीड वर्षापूर्वी लातूरला माहेरी गेली, सोबत सहा वर्षांची मिहिका. "माहेरी गेलीये," एवढंच तो म्हणाला, आणि आम्ही सगळ्यांनी तेवढंच ऐकलं. दीड वर्ष कुणी माहेरी राहतं का? पण विचारायचं कसं! आपणहून सांगेल तेव्हा ऐकू, असं म्हणून गल्ली गप्प बसली.

मला मात्र कळलं होतं. ज्याच्या भिंतीवर डबा, त्याच्या फोनवर वाटेकरी सगळ्या गाड्यांची नोंद दाखवतो, कुणी किती मागितलं, किती मिळालं, गाडी किती धावली. व्यंकटेश शुक्रवारी गन लावायचा आणि शनिवारी गाडी बरोबर सव्वाशे किलोमीटर जाऊन थांबायची. सोलापूरपासून सव्वाशेवर काय आहे, हे कळायला शिवणबाई कशाला, शेंबडं पोरही सांगेल. हिवाळ्यात एक बरं होतं, लातूरला परत चार्जिंग करून मुलीला घेऊन यायचा. रविवारी संध्याकाळी पोचवून यायचा. मी खिडकीतून बघायचे, मिहिका गाडीतून उतरून टुणटुण उड्या मारत घरात जायची. पण मे लागल्यापासून गाडी लातूरला जात होती आणि संध्याकाळी चार्जर उघडले की कशीबशी एकटीच परत येत होती. मला दिसत होतं सगळं. दोन शनिवार दिसलं, आणि मी गप्प बसले. त्याची लाज वाटते मला, आजही.

तिसऱ्या आठवड्यात गुरुवारी संध्याकाळी तो गन लावायला आला. डोळे खोल गेलेले, दाढी वाढलेली. "काकू, तुम्हाला त्रास," म्हणाला. आणि काय झालं कोण जाणे, माझं डोकंच सटकलं.

"त्रास मरू दे," मी म्हणाले. "मिहिका का येत नाही ते सांग."

तो गन हातात धरून तसाच उभा राहिला. मग पायरीवर बसला. मीही बसले. हळूहळू सगळं बोलला. घटस्फोटाचा खटला चालू आहे. कोर्टानं सांगितलंय, शनिवारी सकाळी दहाला मुलीला घ्यायचं, रविवारी संध्याकाळी सहाला परत पोचवायचं. ऋजुताची अट एवढीच, की उन्हाळ्यात पोरीला एसटीतून न्यायचं नाही, थंड गाडीच हवी. आणि ती अट काही खोटी नव्हती. दहा वर्षांखालच्या मुलांना मे महिन्यात अकरानंतर थंड गाडीशिवाय प्रवासाला काढायचंच नाही, असा सरकारी नियमच झालाय. मागच्या वर्षी पोरं दगावली तेव्हापासून.

"जाऊन-येऊन अडीचशे लागतात काकू. गाडी थंड ठेवायला वेगळं," तो म्हणाला. "आपला डबा देतोय सत्तर-ऐंशी, आधीचं थोडं उरलेलं असतं म्हणून लातूर गाठतो. पण परत आणणार कसं? मधेच अंगावर ऊन घेऊन गाडी बंद पडली तर? आणि संध्याकाळी चार्जर उघडेपर्यंत दहाची वेळ टळलेली असते, मग पोरगी देत नाहीत. दोन्ही वेळा दारातूनच मागं फिरलो. मिहिका बॅग घेऊन उभी होती ओ."

"आणि आता?"

"सोमवारी तारीख हाय. त्यांच्या वकिलानं अर्ज दिलाय, बापाला जमत नाही म्हणून. ह्या शनिवारी पण चुकलं तर महिन्यातून एक व्हिडिओ कॉल. बास."

मी म्हटलं, "तू लिहितोस किती?"

"शंभर. परवा हिंमत करून एकशेवीस लिहिलं."

"अडीचशे लागतात आणि शंभर लिहितोस?"

"सगळ्यांनाच लागतंय की काकू. आपणच कसं ओढून घ्यायचं?" तो म्हणाला. मी अख्खं आयुष्य हेच करत आलेय.

शुक्रवारी सकाळी मी त्या इंजिनिअरला फोन लावला. तीन वेळा उचलला नाही, चौथ्यांदा उचलला. त्याला विचारलं, शंभर मागितले तर सत्तरच का देतो तुमचा डबा? तर म्हणाला, "मॅडम, त्याला मुद्दाम तसं शिकवलंय. माणसं नेहमी फुगवून सांगतात ना. म्हणून वाटेकरी प्रत्येकाची पारख करत राहतो. तुम्ही शंभर मागितले, त्यानं ऐंशी दिले, आणि तुम्ही काही न बोलता ऐंशीत दिवस काढला, की तो समजतो, यांना ऐंशीच हवे होते. पुढच्या वेळी सत्तर देऊन बघतो. ज्याची खरंच निकड आहे तो परत परत मागतो, मग त्याचा आकडा वाढतो. जो एकदाच मागून गप्प बसतो, त्याची निकड कमी."

"आणि जो माणूस मुळात कमीच सांगतो, त्याचं काय?"

इंजिनिअर मग म्हणाला, "तशी माणसं आम्ही धरलीच नव्हती मॅडम."

म्हणजे बघा! सलगरबाई ऐंशीच्या जागी साठ लिहीत, डबा पन्नास देई, बाई मोहोळला पोचत आणि येताना गाडी शाळेतच ठेवून लिफ्ट मागून परत येत. दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी गाडीला बांधून आणत. तक्रार नाही. डबा खूश. पुढच्या आठवड्यात पंचेचाळीस. दोन वर्षांत अख्खी गल्ली त्यानं अर्धपोटी केली, आणि आम्ही प्रत्येकजण समजत होतो की शेजाऱ्याला जास्त गरज आहे, म्हणून आपल्याला कमी मिळतंय.

मी लगेच व्यंकटेशकडे गेले. त्याला उभं करून सांगितलं, "आज संध्याकाळी अडीचशे लिहायचे. दहा मिनिटांनी परत. मग परत. मग परत. चार वेळा. कळलं?"

"हो काकू."

"दुसऱ्याचे आकडे मला बदलता येत नाहीत, नाहीतर मीच लिहिले असते. माझी गाडी भरली तरी नव्वदच्या वर जात नाही, नाहीतर तीच दिली असती. तेव्हा तुलाच मागायचंय."

"हो काकू, लिहितो."

मग सलगरबाईंच्या कानावर घातलं, पोराचं असं असं आहे. त्यांनी मुजावरभाईंना सांगितलं, मुजावरभाईंनी जेऊरकरांना. नरोटेसाहेबांना मात्र कुणी सांगितलं नाही. त्यांना सांगून काय उपयोग, असं मीच म्हणाले.

संध्याकाळी मी माझ्या आकड्याच्या जागी शून्य लिहिलं. म्हटलं, तेवढेच दहा त्या पोराला मिळतील. आणि गोळी घेऊन झोपले, कारण आदल्या रात्री डोळ्याला डोळा नव्हता.

साडेपाचला उठून तशीच बाहेर गेले. व्यंकटेश आधीच गाडीपाशी उभा होता. अंघोळ केलेला, स्वच्छ शर्ट, सीटवर मिहिकासाठी पांढरी टोपी आणि पाण्याची बाटली. तोंड मात्र उतरलेलं.

"किती?"

"जुनं-नवं धरून एकशेदहा," तो म्हणाला.

मी फोन उघडला, आणि मला घेरीच यायची बाकी राहिली. सलगरबाईंचं शून्य. मुजावरभाईंचं शून्य. जेऊरकरांचं शून्य. माझं शून्य. सगळ्यांनी गुपचूप, एकमेकांना न सांगता, आपला वाटा त्या पोरासाठी सोडला होता. पण डब्याला काय ठाऊक कुणासाठी! त्यानं बघितलं, गल्ली तीनला आज फारसं काही नको. नरोटेसाहेबांना त्यांचे दिले, व्यंकटेशला थोडे दिले, आणि उरलेली सगळी वीज त्याच डीपीवरच्या शेजारच्या गल्ली चारला देऊन मोकळा झाला. रात्रभर गल्ली चारच्या गाड्या आमच्या उपकारावर भरल्या.

"तू अडीचशे लिहिलेस ना?"

तो खाली बघायला लागला. "एकशेतीस लिहिलं. एकदाच."

"का? अरे का!"

"लिहायला बसलो नि सलगरबाईंची परीक्षेची ड्यूटी आठवली. मुजावरभाईंच्या शनिवारच्या ऑर्डरी. म्हटलं, निदान पोचू तरी. मग तिथं बघू..."

एवढ्यात एकेक जण बाहेर आला. सलगरबाई, मुजावरभाई, जेऊरकर आजोबा काठी टेकत. प्रत्येकाच्या तोंडावर चांगलं काम केल्याचा आनंद. आणि मग एकेकाला कळत गेलं. "तुम्हीपण?" "अहो, मी पण!" "अरे देवा." कुणाच्याच गाडीत काही नव्हतं, आणि असतं तरी अडीचशे जाणाऱ्या गाड्या गल्लीत दोनच. एक व्यंकटेशची, आणि एक नरोटेसाहेबांची.

ती उभीच होती, काठोकाठ भरलेली. नरोटेसाहेब इस्त्रीचा सदरा घालून गन काढायला आले. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघतोय, आणि कुणीच काही बोलत नाहीये. सगळ्यांची आशा, की ते आपणहून विचारतील काय झालं म्हणून. ते म्हणाले, "काय हो, सकाळी सकाळी सभा?" आणि गन काढायला लागले.

आठच्या आत निघालं तरच काही खरं होतं. मी व्यंकटेशला ढोसलं. "जा. माग."

"राहू द्या ओ काकू."

"मुलगी जाईल रे तुझी! माग म्हणते ना!"

तो गेला. चार पावलं काय ती, पण त्याला चालवत नव्हतं. म्हणाला, "साहेब, तुमची गाडी... आजच्या दिवस..."

"आज?" नरोटेसाहेबांनी हात झटकला. "आज नाही जमायचं. बार्शीला भाचीचा साखरपुडा आहे. बायको साडी नेसून तयार बसलीय."

"बरं, बरं. राहू द्या," असं म्हणून व्यंकटेश वळला. पहिल्या नकाराला आम्ही सगळे वळतो, तसाच. मी वाटेतच त्याचं मनगट धरलं. माझी नखं रुतली असतील त्याला.

"परत माग."

"काकू, त्यांना खरंच काम आहे."

"असू दे. तुला नाहीये? परत माग."

तो परत गेला. "साहेब, फार गरज आहे."

"अरे बाबा, सांगितलं ना एकदा. गरज सगळ्यांनाच असते." ते चिडले.

तिसऱ्यांदा त्याचा आवाजच फुटेना. आणि मग जो फुटला तो असा, की समोरच्या खिडक्या उघडल्या. "माझी पोरगी दारात बॅग घेऊन उभी राहते ओ साहेब! दोनदा तिला तशीच सोडून आलो. आज नाही गेलो तर परत दिसायची नाही ती मला. मला गाडी पायजे. द्या!"

नरोटेसाहेबांनी हातातली गन हळूच अडकवून ठेवली. त्यांनी त्याच्याकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं.

"हत्तुरेबाई, हे तुम्हाला सगळ्यांना कधीपासून माहितेय?"

"कालपासून," मी म्हणाले. मग खरं सांगितलं. "मला तीन आठवड्यांपासून."

"आणि मला कुणी सांगितलं नाही."

सलगरबाई पदर सावरत माझ्यामागे सरकल्या.

"गल्लीत मला काय म्हणतात ते ऐकू येतं मला," ते म्हणाले. "चार वेळा मागतो म्हणून हावरा. अहो, हा डबा चार वेळा मागितल्याशिवाय देत नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. एकानं विचारलं असतं, नरोटे, तुमची गाडी रोज कशी भरते, तर सांगितलं असतं की. दोन वर्षांत एकानं विचारलं नाही. मनात ठेवलं, आणि तोंडावर नमस्कार केला."

मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. चूक होतं का त्यात एक अक्षर? त्यांनी खिशातून किल्लीचं कार्ड काढून व्यंकटेशच्या हातात कोंबलं. "पुढचा डावा टायर जरा दबतो. सत्तरच्या वर पळवू नकोस, पोरगी असेल सोबत. जा आता, माझं तोंड काय बघतोस!"

तो गेला तेव्हा पावणेसात वाजले होते. आठला नरोटेवहिनी रेशमी साडी, गळ्यात सोनं, हातात ओटीची पिशवी, अशा भर उन्हात एसटी स्टँडकडे निघाल्या. साहेब मागून पाण्याची कळशी घेतल्यासारखे दोन्ही हातांत पिशव्या सांभाळत. मी फाटकाशी उभी होते. "वहिनी, तुम्हाला त्रास," असं माझ्या ओठावर आलं. जीभ चावली. म्हटलं, "वहिनी, तुमचे उपकार आहेत." त्या म्हणाल्या, "आहेतच." आणि गेल्या.

सव्वा वाजता गाडी आली. मिहिका पांढरी टोपी घालून उतरली, उड्या न मारता. उंच झाली होती. बापाचा हात तिनं घट्ट धरला होता, जसा काही सोडला तर तो लातूरलाच राहील. व्यंकटेशला हसावं की रडावं कळत नव्हतं, आणि मला तर तेही नाही. मी दार लावून घेतलं नि पलंगावर बसून रडले. फार थकले होते मी. दोन वर्षांचं, आणि त्याच्या आधीचंही.

पण एवढ्यानं संपत नव्हतं. उद्या सहाच्या आत पोरीला परत लातूरला पोचवायचं होतं, म्हणजे परत अडीचशे, कारण व्यंकटेशच्या गाडीत होतं तेवढं दिवसा मुजावरभाईंचा माल पोचवण्यात संपलं होतं. पोचवलं नाही तर सोमवारी तेच वकील उलटं बोलणार, मूल परत दिलं नाही म्हणून. म्हणून संध्याकाळी सहाला मी सगळ्यांना माझ्या पायरीवर बोलावलं. नरोटेसाहेबांनाही. ते बार्शीहून धुळीनं माखून आले होते, चहाही न घेता बसले.

म्हटलं, "आज फोनवर लिहायच्या आधी तोंडानं सांगायचं. खरं खरं. ज्याला जेवढं लागतं तेवढं."

सगळे चुळबुळले. पहिल्यांदा व्यंकटेश बोलला. "अडीचशे." आकडा अडखळत निघाला, पण निघाला.

सलगरबाई म्हणाल्या नव्वद, रविवारी परीक्षेची ड्यूटी, केंद्र मोहोळच्याही पुढे. मुजावरभाई एकशेवीस. जेऊरकर आजोबांनी आजींकडे बघितलं आणि म्हणाले, "ऐंशी. हिला तुळजापूरला जायचंय, चार महिने म्हणतेय." नरोटेसाहेब एकशेचाळीस, आजच्या साखरपुड्याचा आहेर पोचवायला, कारण एसटी गाठायच्या धावपळीत ती पिशवीच घरी राहिली होती. आणि मी साठ. मंद्रूपला माझी बहीण आहे, तिला वर्षभर भेटले नाहीये. मोठ्यानं म्हणताना माझं मलाच आश्चर्य वाटलं.

मुजावरभाईंनी बेरीज केली. सातशे चाळीस. वाटेकऱ्याकडे आज रात्री होते चारशे.

दोन वर्षं प्रत्येकानं गिळलेली भूक अशी समोर मांडली गेली, आणि ती ताटात मावतच नव्हती.

"घ्या," नरोटेसाहेब म्हणाले. "खरं बोलून हे मिळालं."

"अडीचशे आधी व्यंकटेशचे," मी म्हणाले. "त्याच्यावर बोलणं नाही. उरले दीडशे. त्याच्यासाठी काय ते बोला."

आणि बोलले की! सलगरबाई म्हणाल्या, ड्यूटी चुकली तर नोटीस येईल, आहेर काय कुरियरनं जातो. नरोटेसाहेब म्हणाले, आहेर राहिला तो कुणासाठी? मुजावरभाईंचा आवाज चढला, रविवारी माल नाही पोचला तर गिऱ्हाईक तुटतं, ते तुम्ही आणून देणार का? जेऊरकर आजी, ज्यांचा आवाज मी बारा वर्षांत ऐकला नव्हता, त्या म्हणाल्या, "चार महिने गप्प बसले म्हणून काय मेले की काय मी?" व्यंकटेश मधेच उठून म्हणाला, "माझ्यातले वीस कमी करा," तर चौघांनी एकदम त्याला खाली बसवलं. "तू गप्प रे!" नरोटेसाहेब सगळ्यांच्या वर ओरडत होते, की आधी आकडे ठरवा, मग चार चार वेळा लिहा, नाहीतर गल्ली चार परत तुमच्या जिवावर हिंडेल. गल्ली चारचं नाव निघताच सगळे मिळून गल्ली चारला शिव्या द्यायला लागले. मग परत एकमेकांवर. एवढी वर्षं शेजारी राहून आम्ही पहिल्यांदा भांडत होतो.

आठ वाजायला आले होते. मिहिका व्यंकटेशच्या मांडीवरून उठली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. टोपीची कड चावत तिनं सगळ्यांकडे आळीपाळीनं बघितलं.

"आजी, हे सगळे माझ्यामुळे भांडतायत का?"

अशा वेळी "नाही गं बाळा" म्हणायची मला सवय. पण त्या दिवशी अंगात तेवढंही खोटं बोलायचं त्राण उरलं नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "तुझ्यामुळेच. भांडू देत."

तिनं टोपी काढून मांडीवर ठेवली. मग माझ्याकडे सरकली, डोकं माझ्या दंडाला टेकवलं आणि त्या सगळ्या आरडाओरड्यात झोपून गेली.